रूळपल्याडचा एक हंगाम

कपाशीच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर असतात. कोरीटकडून, धानोऱ्याकडून येतात आणि सकाळपासून रस्ता अडवून उभे राहतात. ताडपत्रीच्या फटीतून सुटलेली रुई बाभळींच्या काट्यांना अडकते, विजेच्या तारांवर बसते, माझ्या खिडकीच्या गजांना चिकटते. सून रोज झाडूने काढते आणि रोज कुरकुरते. ती वळली की मी गजावरचा एखादा पुंजका दोन बोटांत धरून चुरगाळते. त्यात अजून तोच वास असतो, उन्हाचा, मातीचा आणि थोडा तेलकट सरकीचा. या वासाबरोबर माझ्यापुढे एकच हंगाम येऊन उभा राहतो. पुढे चाळीस-पन्नास हंगाम पाहिले, पण आठवण येते ती त्या एकाचीच.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. ती लढाई कुठे चालली होती हे आम्हां बायकांना नीटसं ठाऊक नव्हतं. रॉकेल मिळेनासं झालं आणि मालगाड्या वाढल्या, एवढीच काय ती ओळख. त्या साली दिवाळीनंतर माझं लग्न झालं आणि ब्राह्मणपुरीहून मी नंदुरबारला आले. तापीच्या वाळूतून बैलगाडी ओढताना बैलांच्या तोंडाला फेस आला होता, ते आठवतं. मामा बरोबर होता. मला वाटलं होतं, शहरात चालले. पण गाडी गावात शिरली, बाजारातून गेली, मशिदीवरून, देवळावरून गेली, आणि थांबलीच नाही. रेल्वेचं फाटक ओलांडून पलीकडे गेली. पलीकडे बाभळी होत्या, जीनचं, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्याचं, उंच धुराडं होतं आणि कौलांची, पत्र्याची, कुडाची पन्नास-साठ घरं. मामा खाली उतरून म्हणाला, "उनं तुन्हं घर."

गावातले लोक आमच्या वस्तीला रूळपल्याड म्हणत. बाजारात भाजीवाली विचारायची, "तुमीन रूळपल्याडना का?" आणि मग भाजी जरा लांबूनच टोपलीत टाकायची. वस्तीला दुसरं नाव नव्हतं. तिला नाव द्यावं असं कोणाला वाटलंच नव्हतं, कारण ती कोणी वसवली नव्हती. ती साचत गेली होती.

तिचा इतिहास मला दगूआक्काने सांगितला. दगूआक्का माझी शेजारीण. पन्नाशीची, विधवा, अंगाने काटक. जीनमध्ये कपाशी निवडायच्या कामावर जायची. आगगाडी आली तेव्हा ती परकरी पोर होती. तिचा बाप रुळाखालची माती टाकायला आला आणि काम संपल्यावर परत गेलाच नाही. रुळाच्या उत्तरेला तेव्हा नुसतं रान होतं, ससे होते, आणि गावातले लोक तिकडे फक्त मेलेली ढोरं टाकायला जात. बापाने बाभळी तोडून झोपडी घातली. मग एका शेठने जीन काढली, कारण रुळाला लागून जमीन स्वस्त होती. जीनसाठी सुरतेकडून फिटर आला, त्याच्यामागे त्याचं बिऱ्हाड. मग हमाल आले, गाडीवान आले, रेल्वेचे खलाशी आले. एक शिंपी आला, एक चहावाला. आक्का म्हणायची, "कोनी कोनले बलावं नही माय. जो तो आपला पायनं उना, नी ऱ्हाई गया."

त्यामुळे वस्तीत सगळ्याच भाषा होत्या. सकाळी पाण्यावर अहिराणी, जीनच्या दारात गुजराती, चहाच्या टपरीवर हिंदी. मोजमाप गुजरातीत व्हायचं, भांडण अहिराणीत आणि रेल्वेचं काम इंग्रजी शब्दांचे तुकडे करून. आठ दिवसांत मला 'लैन किलेर' म्हणजे पुढचा रूळ मोकळा, हे कळलं होतं.

पहिल्या दिवशी आक्का माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात पाण्याची कळशी. "नवी नवरी शे का? आठलं पानी मचूळ शे बरं. हाई गावमातलं शे, पेवाले ठेव." पिण्याचं पाणी रूळ ओलांडून आणावं लागे. पाणी, किराणा, शाळा, दवाखाना, देऊळ, मसणवट, सगळं रुळाच्या त्या बाजूला. आमच्या बाजूला फक्त काम होतं.

हे रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर जायची त्याप्रमाणे सांधा बदलायचा, फाटकाकडे बघायचं, हिरवा-तांबडा दाखवायचा. वय असेल पंचवीसचं. अंगाने किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ते माझ्याशी जे काही बोलले त्यात मला एकच वाक्य नीट ऐकू आलं. "उभी गाडीना खालतून कधीच जानं नही. कोनी बी सांगं तरी नही."

वस्तीत हे कोणाला आवडत नव्हते, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. कपाशीच्या हंगामात मालगाड्या तासन्‌तास फाटकावर उभ्या राहत. डबे जोडायचे, काढायचे, मालधक्क्यावर रुईच्या गाठी भरायच्या. तोवर रस्ता बंद. मग बायका डोक्यावर हंडे घेऊन डब्यांखालून वाकून जात. पुरुष दोन डब्यांमधल्या साखळीवर पाय देऊन उडी मारत. असं कोणी जाताना दिसलं की हे ओरडत. बाईमाणूस असो की म्हातारं, परत फिरवत. एकदा फिटरच्या आईला त्यांनी भर उन्हात दीड तास उभं केलं होतं. लोक यांना 'कायदा' म्हणत. "कायदा उना, कायदा उना," असं म्हणून बायका हंडे उतरवत. मला पाण्यावर गेलं की लाज वाटायची. घरी मात्र मी पाहत असे, हे आपला कंदील पुसत बसलेले असत. काचेवर एक डाग राहिला तरी पुन्हा राखेने घासायचे. पितळी बिल्ला चिंचेने उजळायचे. कोणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

हंगाम सुरू झाला की वस्ती दुप्पट होई. सातपुड्यातून पावरा आदिवासींची कुटुंबं उतरत. आठ-दहा बिऱ्हाडं एकत्र, चालत, तापी ओलांडून. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एखाद्या कुत्र्याची साथ. जीनच्या कुंपणाला लागून ते पाचोळ्याची पालं घालत आणि होळीपर्यंत गाठी वाहत. आमची वस्ती गावाने रुळाबाहेर ठेवलेली, आणि त्यांना आम्ही आमच्या बाहेर ठेवलेलं. आमच्या मचूळ विहिरीवरही ते शेवटी यायचे. ते घरात पावरी बोलत, आमच्याशी मोडक्या अहिराणीत. मीही त्यांच्याकडे दुरूनच पाहत असे. खोटं कशाला सांगू?

त्यांतल्या रेशमीला मात्र मी ओळखू लागले होते, कारण ती माझ्याच वयाची होती आणि तिचे दिवस भरत आले होते. गळ्यात चांदीची जाड हासळी, पोट पुढे आलेलं, तरी डोक्यावर सरकीचं पोतं घेऊन सरळ चालायची. तिचा नवरा जात्र्या. रुंद खांद्यांचा, पाय किंचित फाकवून चालणारा. एकदा मी दारात तांदूळ निवडत होते. रेशमी थांबली आणि माझ्या पोटाकडे बोट करून विचारलं, "तुले नही?" मी लाजून मान हलवली. ती हसली. तेवढंच आमचं बोलणं.

माघ महिना असेल. हवेत अजून गारवा होता, पण दुपारी उन्हाला धार आली होती. त्या दिवशी सकाळी आलेली मालगाडी फाटकावर उभी होती. लष्कराच्या मालाची, तिचं इंजिन बिघडलं होतं. ते काढून पुढच्या स्टेशनावर नेलं होतं आणि दुसरं इंजिन कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडीचा बहुतेक भाग स्टेशनाकडे होता. फाटकावर आणि त्याच्या मागे शेवटचे तीन डबे आणि गार्डाचा डबा. गार्ड स्टेशनात जाऊन बसला होता.

जीनचा दुपारचा भोंगा झाला. मी भाकरी थापत होते. दगूआक्का पळत आली. तिला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुन्हा नवरा कोठे शे?"

"फाटकवर. काय व्हयनं आक्का?"

"रेशमीनं पोर आडवं शे. रातपाईन कळा शेत. त्यासनी सुईन म्हतारी हात टेकी बसनी. दवाखानामा लई जानं पडी."

"पन गाडी उभी शे ना."

"तेच तर सांगी ऱ्हायनू माय! तू जाय, त्याले सांग. मन्हं कोन आयकस?"

दुसरी वाट होती. नाल्याच्या पुलाखालून, दीड कोस वळसा, सगळा दगडगोट्यांचा. बैलगाडीतून नेली असती तर त्या धक्क्यांनीच ती गेली असती. डब्याखालून बाज सरकत नाही. तीन माणसांनी तिला हातांवर घेऊन खालून न्यायचा प्रयत्न केला होता म्हणे, पण हलवताच ती अशी ओरडली की त्यांनी तिला पुन्हा ठेवली.

मी पिठाच्या हातांनी फाटकाकडे निघाले. लग्नाला तीन महिने झाले होते. चारचौघांत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नव्हते. यांनी मला पाहिलं आणि आधी घाबरले, घरात काही झालं की काय. मी पदर सावरला आणि जे सांगायचं ते सांगितलं. ते ऐकत असतानाच पालांकडून तिचं ओरडणं आलं. फार मोठं नव्हतं. दमलेलं होतं. 

"मास्तरले इचारी येस," म्हणून हे स्टेशनाकडे धावले. आम्ही फाटकापाशी उभ्या राहिलो. तोवर जात्र्या आणि त्याच्या माणसांनी रेशमीला बाजेवर घालून तिथवर आणलं होतं. तिच्या ओठांना रंग नव्हता. आक्का तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. कालपर्यंत विहिरीवर लांब सरकणारी आक्का.

हे परत आले. मास्तर काय म्हणाले, ते यांनी जसंच्या तसं सांगितलं, "तार केली आहे. हुकूम येईपर्यंत डबा हलणार नाही." मास्तर वाईट माणूस नव्हते. लष्कराची गाडी होती, त्यांच्या घरात पाच पोरं होती, आणि हुकूम त्यांच्या हातात नव्हता. आज मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला.

यांनी आक्काला विचारलं, "कितला येळ शे?"

"येळच नही ना भाऊ."

यांनी गाडीकडे पाहिलं. मग डब्याच्या चाकांकडे पाहिलं, मग रुळाच्या चढ-उताराकडे. मला वाटलं, यांना काही सुचत नाही. आता कळतं, ते हिशेब करत होते. मग यांनी छातीवरचा पितळी बिल्ला काढला आणि माझ्या हातात दिला.

"हाऊ धर," म्हणाले. आणि आक्काकडे वळले. "आक्का, जीनमातला जितला मानसं येतीन तितला बलाव."

आक्का जीनच्या दारात उभी राहून कशी ओरडली ते मला शब्दांत सांगता येत नाही. बायका भाकरी तशीच टाकून उठल्या. हमाल आले, गाडीवान आले, सुरतेचा फिटर हात पुसत आला. पालांतले सगळे पावरे आले. शिंपी आला, त्याच्या गळ्यात फीत तशीच होती. साठ-सत्तर माणसं असतील. ज्यांना यांनी महिनोन्‌महिने रुळावरून हाकललं होतं, ती सगळी.

आणि मग मी जे पाहिलं ते अजून मला पुरतं उलगडलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडणारा हा माणूस तो मोडतानाही सगळे नियम पाळत होता. आधी यांनी गाडीच्या दोन्ही टोकांना तांबडी निशाणं लावली. मग एक ओंडका आणवला आणि मागच्या रुळावर, डबे जिथे थांबायला हवेत नेमके तिथे, आडवा ठेवला. मग गार्डाच्या डब्यात चढून ब्रेकचं चाक फिरवलं. खाली उतरून तिन्ही डब्यांचे ब्रेक सोडले. शेवटी दोन डब्यांमध्ये शिरून साखळीचा आटा सोडवायला लागले. आटा गंजला होता. मला फक्त यांचे पाय दिसत होते. मी देवाचं नाव घेत होते की नुसती उभी होते, आठवत नाही. हातातला बिल्ला तळव्यात रुतला होता.

साखळी खणकन खाली आली. हे बाहेर आले, सगळ्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सरकाडानं, पन धीरे. मी हात वर करसू, तवय थांबानं. मंग कोनी एक बोट बी लावानं नही."

माणसांनी डब्यांना खांदे लावले. बायकांनी हात लावले. मीही लावले. डब्याचं लोखंड उन्हाने तापलं होतं. पहिल्या जोराला काहीच झालं नाही. दुसऱ्याला माझ्याशेजारच्या बाईच्या तोंडातून फक्त हुंकार आला. तिसऱ्या वेळी जात्र्या आपल्या भाषेत काहीतरी ओरडला, त्याच्या माणसांनी एकदम पाय रोवले, आणि माझ्या तळहाताखाली ते लोखंड कुरकुरलं. वीतभर. मग हातभर. चाकं इतकी हळू फिरत होती की त्यांच्यावरची धूळही पडत नव्हती. पण फिरत होती. गाठी भरून भरून ज्यांचे खांदे सोलले होते ती माणसं आता भरलेला डबाच ढकलत होती. कोणी कोणाला शिवतंय, कोण कोणाच्या पाठीशी टेकलंय, कोणाला भान नव्हतं.

यांनी हात वर केला. सत्तर माणसं एकदम थांबली. डबे ओंडक्याला टेकले. मध्ये बाज जाईल एवढी वाट पडली होती, आणि पलीकडे नंदुरबार गाव दिसत होतं, दुपारचं, शांत, जेवून आडवं झालेलं.

बाज गेली. चौघांच्या खांद्यावर, बरोबर आक्का. ते धावत नव्हते, पण त्यांच्या पायांखालची धूळ धावल्यासारखी उडत होती. बाज बाजाराच्या वळणावर दिसेनाशी झाली तशी माणसं पांगायला लागली. हे म्हणाले, "थांबा. डबा परत लावना शेत."

पुन्हा सगळ्यांनी खांदे लावले. डबे पूर्वीच्या जागी गेले. यांनी साखळी लावली, आटा आवळला, ब्रेक लावले, ओंडका काढला, निशाणं गुंडाळली. कोणाला पत्ता लागला नसता. इंजिन तर दिवेलागणीच्या सुमारास आलं. पण हे तसेच, तेलाने माखलेल्या हातांनी, स्टेशनात गेले आणि मास्तरांना व गार्डाला सांगून आले की साखळी मी सोडली होती आणि मी लावली आहे, एकदा तपासून घ्या.

घरी आल्यावर मी रडले. "कसाले सांगं? कोनी इचारं व्हतं?"

यांनी हात धुता धुता उत्तर दिलं, "गाडीनी साखळी सुटेल व्हती, हाई गार्डले माहीत पाहिजे. रस्तामा काही व्हयनं तं?"

मी त्यांच्या हातांवर पाणी ओतत राहिले.

रेशमी वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी संध्याकाळपर्यंत झगडून पोर वळवलं. मुलगी झाली, निळसर पडलेली, मग रडली. हे सगळं आक्काने आम्हाला दुसऱ्या दिवशी फाटकात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना तिने ते रडणंही करून दाखवलं. सगळे हसले. हे लांब उभे होते. त्यांच्याकडे पाहून फिटरची म्हातारी आई म्हणाली, "कायदा, इकडे ये, चहा पी." त्या दिवसानंतरही ते नाव गेलं नाही, पण त्याचा सूर बदलला.

अकराव्या दिवशी रेशमी परत आली. आक्काने तिला पालात जाऊ दिलं नाही, स्वतःच्या घरात ठेवलं. तिच्यासाठी पिण्याचं पाणी गावातून यायला लागलं. कोणी ठराव केला नाही, कोणी भाषण केलं नाही. सकाळी ज्या बाईची पाळी असेल ती एक कळशी आक्काच्या दारात उतरवायची. विहिरीवर आधी कोण आणि नंतर कोण, हे हळूहळू विसरलं गेलं. पूर्ण विसरलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या वस्तीला गावाने नाव दिलं नव्हतं, तिने स्वतःच्या मनाने हे केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे कितीतरी वर्षांनी रुळावर लोखंडी पूल आला. जिने चढताना आता माझे गुडघे दुखतात. आमच्या त्या दिवसामुळे पूल आला असं माझा नातू मित्रांना सांगतो. मी हसते. पूल आला तेव्हा त्या दिवसाची आठवण असणारं स्टेशनात कोणी उरलंही नव्हतं. वस्ती आता वस्ती राहिलेली नाही, पक्क्या घरांचं नगर झालं आहे. तिला एक थोर नाव मिळालं आहे, कमानही आहे. नव्या लोकांना रूळपल्याड म्हटलं तर कळतही नाही.

त्या हंगामात मात्र साखळी सोडल्याच्या चौकशीला रेल्वेचा साहेब ट्रॉलीवर बसून आला. गोरा, उंच, उन्हाने नाक सोललेलं. त्याने आवाज चढवला नाही, असं हे सांगत. मास्तरांनी यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "साहेब विचारेल, पुन्हा असं करशील का? तू नाही म्हण. ताकीद देऊन सोडतील. मी बोलून ठेवलंय." साहेबाने सगळं लिहून घेतलं. कोणी ढकललं ते विचारलं. हे म्हणाले, माझं लक्ष चाकांवर होतं. मग साहेबाने तोच प्रश्न विचारला.

हे गप्प बसले. मास्तरांनी खाकरून पाहिलं. साहेबाने पुन्हा विचारलं. हे गप्पच.

सांधेवाल्याचं काम गेलं. गँगमध्ये घातलं. म्हणजे खडी मारायची, रुळाखालचे लाकडी स्लीपर उचलायचे, पहारीने रूळ सरळ करायचे. तीन वर्षांनी पुन्हा सांधेवाले झाले, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? मी विचारलं, "एक 'नही' म्हनाले काय जात व्हतं?" हे म्हणाले, "खोटं व्हतं ना."

गँगचं काम यांच्या अंगाचं नव्हतं. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा हातांची सालटी निघाली होती. दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता येईना, मी मोडून दिली. तिसऱ्या दिवशी पाठ अशी धरली की ओट्यावर चढता येईना. गँगचा मुकादम जुना माणूस, त्याने आक्काला हळूच सांगितलं, "हाऊ गडी महिनाभर टिकाव नही."

तेव्हा फाल्गुन लागला होता. जीनचं काम ओसरत होतं आणि पावरा लोकांची परतायची लगबग चालली होती. होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग होळी. दुसरं काही चुकलं तरी चालेल, पण होळीला पावरा माणूस दुसऱ्याच्या गावात राहत नाही. वर्षभर ते त्या एका रात्रीच्या ढोलासाठी जगतात, असं आक्का म्हणायची. पालं मोडली गेली. रेशमी माझ्याकडे आली, पोरगी माझ्या मांडीवर ठेवली, थोडा वेळ ठेवू दिली, मग उचलून कमरेच्या झोळीत बांधली. सगळे एका ओळीत तापीच्या वाटेला लागले. त्या ओळीत जात्र्या नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो गँगमध्ये रोजावर लागलेला दिसला. यांच्याशेजारी. मी यांचं जेवण घेऊन रुळाकडे गेले होते. जात्र्या पहार यांच्या हातात देत होता आणि सांगत होता, "हातनं नही, भाऊ. पायनं उचल. आसं." त्याने यांचे पाय आपल्या पायाने लोटून रुंद केले, कमरेवर हात ठेवून ती खाली दाबली. यांनी उचललं. पहार यावेळी सहज वर आली. आपणच कसं केलं याचं यांना आश्चर्य वाटलं. जड स्लीपर आला की जात्र्या न बोलता जड टोकाकडे जायचा. संध्याकाळी यांच्या तळहातांना कसल्याशा सालीचा रस चोळायचा. तो झोंबायचा. हे ओठ आवळून बसत.

होळीच्या दिवशी वस्तीची होळी जीनच्या मैदानात पेटली. फिटर, हमाल, बायका, सगळे होते. जात्र्या आला नाही. मी पुरणाची पोळी घेऊन शोधायला गेले तर तो आणि हे रुळाच्या भरावावर बसलेले. जात्र्याचं तोंड उत्तरेला. दिवस नुकताच मावळला होता आणि सातपुड्याची निळी रेघ काळी होत चालली होती. इतक्या लांबून तिथलं काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी तो पाहत होता. त्याच्या पायाची बोटं खडीवर हळूहळू आपटत होती.

मी विचारलं, "जात्र्या, होळीले का बरं नही गया?"

त्याने मान न वळवता उत्तर दिलं, "जासू ना, वहिनी. भाऊना हात पाकू दे."

मी पोळी मधे ठेवली. दोघांनी एकाच पानातून खाल्ली.

होळीनंतर पाचव्या दिवशी काम सुटल्यावर जात्र्याने यांचे दोन्ही हात धरून उजेडाकडे फिरवले. एकेका फोडावर अंगठ्याने दाबून पाहिलं. फोड बसले होते, त्यांच्या जागी कडक, पिवळसर कातडी आली होती. त्याने यांच्या हाती पहार दिली आणि एक स्लीपर एकट्याने उचलायला लावला. यांनी उचलला.

"हात पाका व्हई गया," जात्र्या म्हणाला.

मग त्याने आपलं फडकं खांद्यावर टाकलं आणि तसाच, हातपायही न धुता, तापीच्या वाटेला लागला. त्याच्या गावातली होळी विझून तोवर पाच दिवस झाले होते.